बिरादार सरांचा सौदा

बिरादार सरांच्या फळ्यावर मागणी आणि पुरवठा एकमेकांना कधीच भेटत नसत. अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष ज्यांनी कुठल्याही कॉलेजात काढलंय त्यांना माहीत असेल, की एक रेषा वरून खाली उतरते, दुसरी खालून वर चढते आणि मधे दोघी एकमेकींना छेदतात. त्या फुलीला समतोल म्हणतात आणि पुढचं सगळं पुस्तक त्या फुलीवर उभं असतं. आमचे सर दोन्ही रेषा दोन्ही बाजूंनी छान काढत आणायचे आणि अगदी जवळ आल्या की खडू उचलायचे. मधे बोटभर जागा मोकळी. त्या जागेकडे जरा वेळ बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "इथवर आलं. सौदा चालू हाय."

"सर, भेटवा की त्यांना!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचं.

"घाई काय झाली रे तुला? भेटल्या की झालं. उठायचं आन् आपापल्या घरी जायचं."

आमच्या कॉलेजातल्या कित्येक मुलांनी विद्यापीठाच्या पेपरात इमानदारीनं ती बोटभर जागा सोडली आणि मार्क घालवले. माझेही मार्क त्या जागेत पडलेले आहेत, ते अजून वर आलेले नाहीत.

मी प्रज्ञा. वडील नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात, आणि मी अर्थशास्त्र घेतलं ते स्पर्धा परीक्षेला मार्क देतं असं क्लासवाल्यानं सांगितलं म्हणून. आम्ही बौद्ध. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून देव आणि भूत दोन्ही बंद. वडिलांचं म्हणणं असं, की दिसेल ते मानायचं, नाही दिसलं तर तपासायचं, आणि तपासूनही नाही सापडलं तर जेवून घ्यायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला भोळसट समजाल, आणि मला ते अजिबात चालणार नाही.

सर उंच, वाळके, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे. खांद्यावर एक मोठी पांढरी दस्ती. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात, पण सरांची दस्ती पाटावर अंथरता येईल एवढी होती. मूळचे देगलूरचे. फार रागावले की तेलुगूत शिरायचे, आणि अर्ध्या वर्गाला तेलुगू येत नसल्यामुळे त्यांचा सगळा राग वाया जायचा. मग स्वतःच ओशाळून मराठीत यायचे आणि म्हणायचे, "असो. इतर परिस्थिती कायम."

हे त्यांचं लाडकं वाक्य. मागणीचा नियम सांगताना पुस्तक म्हणतं, इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते. सरांनी ते वाक्य पुस्तकातून उचलून संसाराला लावलं होतं. कँटीनवाल्याला म्हणायचे, "एक चहा, इतर परिस्थिती कायम," म्हणजे साखर कालच्याएवढीच. कोणी आजारातून उठून आलं की विचारायचे, "ताप गेला ना? बाकी परिस्थिती कायम?" एकदा एका मुलीचं लग्न ठरलं, ती पेढे घेऊन आली, तर सरांनी पेढा तोंडात टाकला आणि गंभीरपणे म्हणाले, "आता मात्र इतर परिस्थिती कायम ऱ्हानार न्हाई बरं का." ती बिचारी रडायलाच लागली.

किंमत कशी ठरते हा धडा आला, की सर दस्ती टेबलावर अंथरायचे आणि आरोळी द्यायचे, "या, गिऱ्हाईक!" देवणीच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, मधे कापड टाकतात, कापडाखाली एकमेकांचा हात धरतात. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, पंजा धरला की पाच. शे की हजार, ते आधी बोलून घेतलेलं असतं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी राहिली तरी भाव दोघांतच राहतो. सर वर्गातल्या पोरांशी असे सौदे करायचे. पोरगा आपण जिंकलो म्हणून छाती फुगवायचा, आणि वर्ग हसायला लागला की त्याला कळायचं, की त्यानं स्वतःचीच वही सरांकडून विकत घेतली आहे.

नियम एकच. "घातलेला हात आपण होऊन काढायचा न्हाई. ज्यानं काढला त्यानं सौदा मोडला. तोवर बसलेलं माणूस उठत न्हाई, ऊन येवो की पाऊस."

मीही एकदा गिऱ्हाईक झाले होते. तेव्हा एक गोष्ट जाणवली. सर बोटं अचूक धरायचे, पण भाव सांगून झाल्यावर सोडायला विसरायचे. आपणच हळूच हात हलवावा लागायचा, मग दचकून सोडायचे. पोरी यावर कुजबुजल्या असत्या, पण त्या धरण्यात तसलं काहीच नव्हतं. गर्दीत लहान मूल कोणाचंही बोट धरून चालायला लागतं, तसं ते होतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग एका दुपारी मी असाइनमेंट द्यायला स्टाफरूममध्ये गेले. मार्चअखेरचं ऊन, खिडक्या बंद, पंखा करकरत होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी सर एकटे बसले होते. समोरची खुर्ची कोणी बसल्यासारखी थोडी मागे ओढलेली. टेबलावर दस्ती, दस्तीखाली सरांचा उजवा हात. तो हात हलत होता, बोटं एकेक करून मिटत होती, उघडत होती.

"न्हाई न्हाई, एवढं ताणू नको," सर समोरच्या रिकाम्या खुर्चीला हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा मी दस्तीकडे नीट पाहिलं. ती सरांच्या बाजूला उचललेली होती, ते ठीक. पण पलीकडच्या बाजूलाही वाटीएवढा उंचवटा होता. आणि तोही हलत होता. पंख्याचा वारा असेल, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला. दस्ती थांबली नाही.

मी असाइनमेंट दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. बाहेर हिंदीचे मोरे सर सावलीत उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारताच सगळं ओळखलं.

"त्या खुर्चीवर कधी बसू नको बरं," ते म्हणाले. "मी एकदा बसलो होतो. बिरादार मला म्हणाले, मोरे, जरा सरकून बसा, त्यांना अडचण होऊन राहिली. आता एका खुर्चीत माणूस किती सरकणार, सांग!"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? सरकलो. सरकत सरकत इथं येऊन उभा राहिलो, तो दोन वर्षांपासून इथंच आहे."

पुस्तकात बाजाराच्या अदृश्य हाताबद्दल एक परिच्छेद होता. पुढच्या आठवड्यात सरांनी तो वाचायला घेतला, तर सगळा वर्ग सरांच्या खांद्यावरच्या दस्तीकडे बघत बसला. कोणी हसलं नाही. मला मात्र घरी झोप लागेना. तपासल्याशिवाय राहायचं नाही ही आमच्या घरची शिस्त, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ स्टाफरूममध्ये गेले आणि सरांना विचारलं, "सर, तुमचा सौदा कोणाशी चालतो?"

"मंडळीशी," सर म्हणाले. जणू मी घड्याळात किती वाजले असं विचारलं होतं.

"पण सर, बाई तर..."

"हाव, वारल्या. बस की, उभी कामून? तिथं न्हाई, इकडच्या खुर्चीवर बस."

मग त्यांनी सांगितलं ते असं. देगलूरच्या त्यांच्या घरात माणसंच माणसं. नव्या सुनेनं चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नाही. महानंदाबाई देवणीच्या एका बैलदलालाची लेक, बापाच्या मांडीवर बसून बोटांची भाषा शिकलेली. एका संध्याकाळी सगळं घर शेंगा फोडत ओट्यावर बसलेलं असताना तिनं पदर पसरला आणि पदराखाली नवऱ्याचं बोट धरलं.

"मला वाटलं विंचू हाय! असा वरडलो, असा वरडलो, की माझी आई कंदील घेऊन आली. बाई आपली शेंगा फोडून राहिली, जसं काही झालंच न्हाई."

पुढे ते शिकले. मग पदराखाली सगळा संसार ठरायचा. सिनेमाला जायचं का, माहेरी किती दिवस. "ती आठ म्हणायची, मी दोन. पाचावर तुटायचं, म्हंजे पटायचं. मला वाटायचं, जिंकलो. पाठवून आलो की कळायचं, तिला पाचच पायजे होते! मी अर्थशास्त्रात एम.ए. झालो, पण तिच्याकडून एक सौदा जिंकलो न्हाई."

सर हसले आणि हसता हसता दस्तीवरून तळहात फिरवत राहिले.

"लातूरच्या दवाखान्यात तोंडावर ते मास्क लावलेलं. बोलता येईना. चादरीखाली हात धरला तिनं. आदल्या दिवशीच बोलली होती, माझ्या माघारी एकटे ऱ्हाऊ नका, हैदराबादला आपल्या शैलाकडं जा. किती वर्षांत जाता ते सांगा. आता एक बोट धरलं. एक वर्ष. मी पंजा धरला. पाच वर्षं. ती दोनावर आली. मी पाचच. ती तीनावर आली, मी पाचच धरून बसलो. मला वाटलं, सौदा लांबवला की ती थांबंल. सौदा चालू असताना माणूस उठून जात न्हाई ना. रीत हाय ती."

सरांनी दस्तीचं टोक सरळ केलं.

"मग नर्सनं येऊन हात सोडवला. मंडळीनं न्हाई काढला, मी न्हाई काढला. मग मोडला कसा? आन् आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, ठाऊक हाय ना? ती बसलेलीच हाय, पोरी. सौद्याला बसल्यासारखी. मी कसा उठू?"

त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही एकदम कसं येतं मला माहीत नाही, पण आलं. त्या दिवसापासून वर्गात कोणी "रेषा भेटवा" म्हणून ओरडलं, की मी मागे वळून असं बघायची की तो पुन्हा ओरडत नसे.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. आता ते घरात दिवसभर एकटे, आणि दिवसभर दस्ती अंथरलेली. जेवण्याचं भान नाही. शेजारच्यांनी हैदराबादला फोन केला आणि त्यांची लेक शैलाताई रजा काढून आली. सरांनी तिचं ऐकलं, मान हलवली आणि सांगितलं, "सौदा चालू हाय." शैलाताईनं मोरे सरांना विचारलं, मोरे सरांनी माझं नाव सांगितलं आणि स्वतः सरकले. अशी मी त्या घरी गेले.

शैलाताई बारीक चणीची, डोळ्यांखाली काळं आलेली. स्वयंपाकघरात नेऊन मला म्हणाली, "बघितलंस ना किती वाळलेत? इथं असेच राहिले तर एक दिवस मला फोन येईल, दार उघडत नाहीत म्हणून. ते तुला मानतात. सौद्यात दलाल घेता येतो म्हणे, दोघांचे हात धरणारा. तू दलाल हो. आणि एवढंच म्हण, आईनं हात सोडला."

"खोटं सांगू?"

"खोटं काय त्यात? माझी आई गेली आहे, प्रज्ञा." हे म्हणताना तिचा आवाज फाटला. "मलाही ती हवी होती. पण मला वडील तरी राहू देत."

मी हो म्हणाले. मनात म्हटलं, पटकन बोलून मोकळं व्हायचं. भूत नाही, हात नाही, मग सोडला म्हटलं तर बिघडलं कुठं?

दुपारचे बारा-एक वाजले असतील. ऊन पांढरंफटक, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. सर पाटावर बसले होते, समोर दुसरा पाट मांडलेला. दलाल म्हणताच ते खूश झाले. "ये, ये. मधे बस. उजवा हात माझ्याकडं, डावा तिच्याकडं. मी काय धरतो ते तिला सांग, ती काय धरते ते मला. पदरचं काही घालायचं न्हाई, दलालाचं इमान असतं."

मी दोन्ही हात दस्तीखाली घातले. सरांनी माझा उजवा पंजा धरला. पाच. हात कोरडा आणि हलका होता, नुसती हाडं. मी डावा हात रिकाम्या पाटाकडे नेला आणि हवेतच पंजा मिटला. मिटला तो पूर्ण मिटेना.

मी एवढंच सांगू शकते. पूर्ण मिटेना. मधे काहीतरी होतं, आणि दस्ती त्या बाजूला उंच होती, आणि तिच्याखाली फक्त माझा हात असायला हवा होता. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. दारात शैलाताई उभी होती. तिचे ओठ हलले, बोल ना, बोल. मी तोंड उघडलं. त्यांनी हात सोडला, हे वाक्य मी स्वयंपाकघरातच पाठ करून ठेवलं होतं.

"आज तुटत नाही म्हणतात," मी म्हणाले. "दस्तीला गाठ मारा आणि उचला. पुढचा बाजार लेकीच्या गावाला. तिथं गाठ सोडून बसू."

शैलाताईनं कपाळाला हात लावला. सरांची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली.

"गाठीचं तुला कोणी सांगितलं?"

"कशाचं, सर?"

"न तुटलेल्या सौद्याच्या कापडाला गाठ मारतात, दुसऱ्या बाजारात नेऊन सोडतात. मग कोणी उठलं असं होत न्हाई. लई जुनी रीत हाय, माझ्या सासऱ्याच्या बापाच्या वेळची. बाजारात आता कोणाला ठाऊक न्हाई. मला तिनं एकदाच सांगितली होती. वर्गात मी कधी बोललो न्हाई."

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रेल्वे क्वार्टरमधली मुलगी, बैलबाजार मी आजवर पाहिलेला नाही. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, पण मी ते जुळवलं नव्हतं, हे मी वडिलांसमोरसुद्धा सांगेन.

सर आधी तोंडातल्या तोंडात हसले, मग मोठ्यानं, मग डोळे पुसत. "बघितलं? बघितलं कशी हाय ती? मी पाच वर्षं धरून बसलो आन् बाईनं एका दुपारात उचलून नेलं! आन् सौदाबी मोडला न्हाई! शैला, तुझी आई लई वस्ताद बरं!"

शैलाताई दारातच खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडू लागली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. सरांनी दस्तीची चारही टोकं अलगद एकत्र घेतली, आत काहीतरी सांडेल अशा बेतानं, आणि गाठ मारली. मी डावा हात मांडीवर घेऊन बसले होते. तो मला जरा माझा वाटत नव्हता.

सर माझ्याकडे वाकले. लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तिचा हात गार होता का ग? त्या दिशी लई गार झाला होता. मी लई चोळला."

"नाही, सर," मी म्हणाले. "चांगली ऊब होती."

आणि यात पदरचं मी काही घातलं नव्हतं.

सरांनी मान हलवली. "मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि गाठ मारलेली दस्ती छातीशी धरून उठले. "शैला, ऊठ. दोघांची तिकिटं काढ. एक खिडकीजवळचं घे, तिला बाहेर बघायला लागतं."